सव्वाअकराची एसटी

काष्टीपासून सहा किलोमीटरवरच्या त्या विद्यालयात दर शनिवारी चित्रपट दाखवला जाई. माजी विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टर दिला होता, खिडक्यांना काळे कापड संस्थेने लावून दिले होते. प्रार्थना आणि दोन तासिका झाल्या, की सव्वानऊला दिवे मालवले जात. मुलगे पुढे बसत, मुली मागे, दाराच्या बाजूला. शिक्षकांपैकी कोणी भिंतीला टेकून चित्रपट पाहत, कोणी कार्यालयात जाऊन ऑनलाइन माहिती भरण्याचे काम उरकत. एकटे रंगनाथ सर पडद्याखाली खुर्ची मांडून, पडद्याकडे पाठ करून बसत. बारा वर्षांत त्यांनी तेथे एकही चित्रपट पाहिला नव्हता. ऐकले मात्र सगळे होते.

ते पाहत असत चेहरे. मांडीवर जाड पुठ्ठ्याची वही, बोटांत पेन आणि पेनाला रबराने बांधलेली बोटभर विजेरी. वहीत उभे रकाने: वेळ, प्रसंग, मुलगे, मुली. 'दहा पाच. नायक हवेत उडतो. मुलगे: सव्वीस जणांचे हात आपोआप उचलले गेले, सात जण गुडघ्यांवर उभे. मुली: स्तब्ध. दोघींनी एकमेकींचा हात धरला.' 'दहा चाळीस. राक्षसाचे मुंडके तुटते. मुलगे: शिट्ट्या. मुली: एकीने बोटांच्या फटीतून पाहिले.' अशा अकरा वह्या भरून घरच्या लोखंडी कपाटात होत्या आणि बारावी चालू होती. प्रत्येक शनिवारच्या नोंदीची शेवटची ओळ मात्र बारा वर्षे एकच होती. 'अकरा पाच. मुली उठू लागतात.'

या एका ओळीवर सरांचा सिद्धांत उभा होता. अद्भुताचे वेड मुलग्यांना शेवटपर्यंत टिकते; मुलींचा त्यातील रस शेवटाआधीच ओसरतो. मुली अकरा वाजून पाच मिनिटांनी का उठतात, हे शाळेतल्या शिपायालाही ठाऊक होते. वस्त्यांकडे जाणारी एसटी सव्वाअकराला फाट्यावर येई. शनिवार म्हणजे काष्टीचा बाजार. ती गाडी चुकली तर पुढची तीन वाजता, तीही माणसांनी, पाट्यांनी आणि कोंबड्यांनी भरलेली. ही गोष्ट सरांनी विचारात घेतली नव्हती असे कोणी म्हणू नये. त्यांनी ती पहिल्याच वहीत नोंदवली होती आणि तिचे खंडनही तेथेच केले होते. लहानपणी ते स्वतः यात्रेतल्या तंबूतला चित्रपट शेवटापर्यंत पाहून आठ किलोमीटर चालत घरी गेले होते. ज्याला शेवट हवा असतो तो गाडी सोडतो, असे त्यांनी लिहून ठेवले होते आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. बारा-तेरा वर्षांच्या पोरीने ऊसपट्ट्यातून एकटीने आठ किलोमीटर चालत जावे, अशी अपेक्षा आपण धरीत आहोत, हे त्या दोन रेघा मारताना त्यांच्या मनात आले नाही. त्यांच्यासारख्या माणसाच्या मनात ते येतही नाही. त्यांना कोणी रस्त्याने एकटे जाऊ नकोस म्हणून कधी सांगितलेलेच नसते.

रंगनाथ सर मराठी विषयाचे. एम.ए., एम.एड. या दोन्ही पदव्या ते रजेच्या अर्जावरसुद्धा लिहीत. एवढे शिकून त्यांच्या वाट्याला काय आले, तर पाचवी-आठवीचे व्याकरण, मतदारयाद्यांची फेरतपासणी आणि वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन. नगरला दर वर्षी जिल्ह्याची शिक्षण परिषद भरे. प्रत्येक शाळेतून एक शोधनिबंध निवडला जाई आणि तो ज्याचा असेल तो व्यासपीठावरून वाचून दाखवी. अकरा वर्षे सरांचा निबंध कशाखाली तरी दबला. एका वर्षी परसबाग गेली, एका वर्षी कवायत, एका वर्षी शून्य कचरा. गेल्या वर्षी तर बाटल्यांच्या बुचांपासून बनवलेला भारताचा नकाशा गेला, आणि तो नेणारा शिक्षक व्यासपीठावर मोजून पाच वाक्ये बोलला, त्यांतली तीन चुकीची. टाळ्या मात्र सरांनी तिथे बसून स्वतःच्या कानांनी ऐकल्या.

या वर्षी जूनमध्येच मुख्याध्यापक कल्याण सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. "रंगनाथराव, निवृत्तीला चार वर्षं राहिली तुमच्या. या खेपेला तुमचंच पाठवायचं. मी शब्द देतो."

त्या शब्दावर सरांनी नवा सफारी शिवायला टाकला.

आणि ऑगस्टमध्ये निकिता मॅडम आल्या.

सत्तावीस वर्षांची मुलगी, विज्ञानाची शिक्षिका, वस्त्यांपलीकडच्या शेवटच्या गावात भाड्याने राहणारी. तिच्याकडे दुचाकी नव्हती, येणेजाणे एसटीनेच. शनिवारी ती मुलींबरोबरच अकरा पाचला उठे, कारण गाडी तीच. शिक्षक कक्षात ती शेंगदाण्याच्या चटणीचा डबा सगळ्यांपुढे फिरवी, शिपायाला काका म्हणे, आणि तीन महिन्यांत तिला सगळ्या मुलींची नावे आडनावांसह पाठ झाली. सरांना ती बारा वर्षांत झाली नव्हती. त्यांच्या वहीत नावांना रकानाच नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा दुसरा सोमवार. त्या दिवशी सातवीतला समर्थ हात गळ्यात बांधून शाळेत आला. शनिवारच्या चित्रपटातला वीर ज्वाळांचा बाण घेऊन कड्यावरून उडी मारतो. समर्थने चुलत्याचा टॉवेल पाठीला बांधून पाण्याच्या टाकीवरून मारली होती. कल्याण सर कपाळाला हात लावून बसले. रंगनाथ सरांना मात्र आतून बरे वाटले. सिद्धांताला पुष्टी मिळाली होती.

"बघा," ते म्हणाले. "मुलगा अद्भुत अंगात घेतो. जसंच्या तसं करून पाहतो. मुलींचं तसं नाही. मुली घरी गेल्या की विसरल्या."

"विसरत नाहीत, सर," निकिता मॅडम डब्याचे झाकण लावत सहज म्हणाल्या. "त्या गाडीत पुरा करतात."

"काय पुरा करतात?"

"पिक्चर. शेवट पाहायला मिळत नाही ना त्यांना. मग गाडीत प्रत्येक जण आपापला शेवट सांगते. एक सांगते, दुसरी मोडते, तिसरी जोडते. मला आधी वाटलं भांडतायत. मी आता लिहून घेते. एक्केचाळीस झालेत."

कक्षात हशा पिकला. कल्याण सर तर मागे रेलून हसले. "एक्केचाळीस शेवट? मॅडम, हे भारी आहे. एक काम करा, मांडून द्या व्यवस्थित. परीक्षक तालुक्याहून येणारच आहेत जानेवारीत. रंगनाथरावांचं आणि तुमचं, दोन्ही बघतील. काय, रंगनाथराव?"

"अवश्य," रंगनाथ सर म्हणाले. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

माणसाला आयुष्यात जे थोडेफार आपले म्हणून मिळते, त्यावर दुसऱ्याने नकळत पाय ठेवावा, ओरबाडून न्यावे असे नव्हे, नुसता जाता जाता पाय पडावा, याचे दुःख काही वेगळेच असते. भांडावे तर कशावरून? तिने काही चोरले नव्हते. ती फक्त गाडीत बसली होती. बारा वर्षे आपण खुर्चीत बसून चेहरे मोजले, आणि ही पोरगी तीन महिने खिडकीशी बसून ऐकते आणि एक्केचाळीस. सरांनी त्या संध्याकाळी अकरा वह्या कपाटातून काढून पलंगावर मांडल्या. त्यांत मुलींचे बोलणे म्हणून एकही वाक्य नव्हते. बायको दारातून म्हणाली, "काय शोधताय?" ते म्हणाले, "काही नाही."

मग त्यांना मोनिका आठवली. त्यांची मुलगी, आता पुण्यात नर्सिंगला. सरांनी काष्टीत प्लॉट घेऊन घर बांधले त्याआधी कुटुंब वस्तीवर राही. मोनिका याच शाळेत होती. शनिवारी सर वही पुरी करायला साडेबारापर्यंत थांबत आणि ती मुलींबरोबर एसटीने पुढे जाई. सरांनी फोन लावला.

"मोने, एक विचारू? तू शाळेत असताना, शनिवारी, एसटीत... त्या पिक्चरचे शेवट सांगायचात का तुम्ही?"

पलीकडे ती हसली. असे मोकळे हसणे त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. "अय्या, तुम्हाला कोणी सांगितलं? सांगायचो की. माझे फेमस होते. माझ्यात कोणीच मरायचं नाही, म्हणून पोरी चिडायच्या."

"मग मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्हाला?" ती म्हणाली. "पप्पा, तुम्ही प्रश्नावली भरून घेतली असती."

सरांनी फोन ठेवला. सहाव्या, सातव्या आणि आठव्या वहीत मोनिका होती. 'मुली: चौदा. अकरा पाच. मुली उठू लागतात.' त्या चौदांतली एक. वस्तीवरच्या घरी ती एक वाजता त्यांना जेवायला वाढी, ताटात भाकरी घाली, आणि तिच्या ओठांवर तासापूर्वीच सांगून झालेला शेवट असे. तो एसटीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होता, कोथिंबीर विकणाऱ्या बायांना ठाऊक होता, कंडक्टरला ठाऊक होता. बापाला नव्हता. आणि आता ही निकिता त्या पोरींच्या मध्ये बसते.

पुढच्या शनिवारी सरांनी मोटारसायकल गॅरेजात असल्याचे सांगितले. वास्तविक ती शाळेच्या मागच्या लिंबाखाली उभी होती. अकराला ते उठले, फाट्यावर आले आणि एसटी येताच सगळ्यांत आधी चढून मागच्या आडव्या बाकावर दोन गोण्यांच्या आडोशाला बसले. मुली चढल्या त्या सरळ पुढे गेल्या. तिथे डोक्यावर पदर घेतलेली एक थोराड बाई तीन सीट अडवून बसली होती. ती लंकाबाई. पहाटे काष्टीच्या बाजारात मेथी-कोथिंबीर देऊन याच गाडीने परत फिरायची.

"या गं बायांनो," ती म्हणाली. "लवकर सांगा, माझं उतरायचं ठिकान चार थांब्यांवर हाय. आज कोन?"

"पंकजा, पंकजा," चार-पाच आवाज एकदम.

पंकजा आठवीतली. तिचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात आणि ती चुलत्याकडे राही. वर्गात तिला उभे केले तर तोंडातून शब्द निघत नसे; सरांनी तिच्या प्रगतिपुस्तकात 'अबोल' असे लिहिले होते.

"आदी कुटपर्यंत आलं ते सांग," लंकाबाई म्हणाली. "मी काय साळंत न्हवते."

"डोंगराखाली एक दगडाचा राक्षस झोपलेला अस्तो," पंकजा म्हणाली. "तो उठतो. गावं पडाय लागत्यात. मग तो हिरो त्याच्या खांद्यावर चढतो आन् बान लावतो डोळ्याला. तितपर्यंत बघितलं."

"मग मारतो का?"

"न्हाई. बान लावल्यावर राक्षस म्हन्तो, थांब रं बाबा. मी काय खायाला उठलो न्हाई. माजी पाठ खाजतीय. तुमी माझ्या पाठीवर रोड केला ना, त्याची खडी टोचतीया."

गाडीत हसू पसरले. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा मान वळवून ऐकू लागला. निकिता मॅडम वही काढून लिहीत होत्या. त्यांचा खांदा पंकजाच्या खांद्याला टेकला होता.

"मग हिरो खाली उतरतो," पंकजा पुढे म्हणाली, "आन् समद्या गावाला म्हन्तो, खोरी घ्या, पाट्या घ्या, याची पाठ खाजवायची. मग आठ दिवस समदे खाजवत्यात. राक्षसाला लई बरं वाटतं. तो म्हन्तो आता मी कुशीवर वळून झोपतो."

"आगं पन त्याच्या अंगावरली घरं?" लंकाबाई म्हणाली. "ती पडतील की वळल्यावर."

"ती आदीच उतरवली. एक म्हातारी तेवडी उतरत न्हवती."

"मीच आसन ती."

"तुमीच. मग राक्षस म्हन्तो, ऱ्हाऊ द्या तिला, मी बेतानं वळतो. आन् वळतो तर त्याच्या पोटाकडच्या अंगाला समदी काळी माती. कवाच कुनी नांगरली न्हाई अशी. ती गावाला वाटून देतो. मग कुनालाच कोयता घेऊन दुसरीकडं जावं लागत न्हाई."

गाडी खड्ड्यातून गेली. लंकाबाईने पाटी उचलली, उतरता उतरता पंकजाच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझा राक्षस गुनाचा हाय गं बाई."

गोण्यांच्या आडोशाला रंगनाथ सर बसून राहिले. त्यांना आठवले, की हाच चित्रपट काही वर्षांपूर्वी शाळेत दाखवला होता, तेव्हा त्याचा खरा शेवट त्यांनी नुसता ऐकला होता: मोठा स्फोट, मग पंधरा मिनिटे नगारे. मुलग्यांनी शिट्ट्या मारल्या होत्या. म्हणजे राक्षस मेला असावा. पंकजाचा शेवट त्याहून चांगला होता. हे त्यांना लगेच कळले, कारण मराठी साहित्याची पदवी काही त्यांनी फुकट घेतली नव्हती. आणि कळले म्हणूनच ते सहन झाले नाही. हा शेवट कुणाच्या वहीत गेला? निकिताच्या. त्यांच्या स्वतःच्या वहीत या मुलीची नोंद काय होती? 'अकरा पाच. मुली उठू लागतात.'

ते शेवटच्या गावापर्यंत गेले आणि दुपारच्या परतीच्या गाडीने उभ्याने आले.

डिसेंबरच्या शिक्षक-सभेत त्यांनी विषय मांडला. भाषा घासूनपुसून तयार केली होती. वस्त्यांवरच्या विद्यार्थिनींवर आपण वर्षानुवर्षे अन्याय करीत आहोत. मुलग्यांना पूर्ण चित्रपट आणि मुलींना अपूर्ण, हा भेद विद्यालयाच्या ब्रीदाला शोभणारा नाही. सबब चित्रपट प्रार्थनेनंतर लगेच, पावणेआठला सुरू करावा आणि तासिका त्यानंतर घ्याव्यात, म्हणजे दहा-सव्वादहाला तो संपेल आणि मुलींना शेवट पाहून एसटीही मिळेल.

सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी तिरक्या नजरेने निकिता मॅडमकडे पाहिले. ती काही बोलेल, अडखळेल, निदान तिचा चेहरा उतरेल, अशी त्यांची अपेक्षा होती. विरोध तर ती करूच शकत नव्हती. मुलींना शेवट दाखवू नका, असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

"सर, हे माझ्या डोक्यात आधी यायला हवं होतं," ती म्हणाली. "मी नुसती लिहीत बसले. थँक्यू."

तिने ते मनापासून म्हटले. सरांना तिचा त्याहूनही राग आला. ते वाईट करीत असतानासुद्धा या मुलीने त्यांना एकटे सोडले नाही.

पहिल्या शनिवारी मुलींनी बारा वर्षांत प्रथमच शेवट पाहिला. टाळ्या वाजल्या, मागून, दाराच्या बाजूने. सरांनी वेळ टिपली. त्या दिवशी एसटीत काय झाले ते सोमवारी निकिता मॅडमच्याच तोंडून कळले. काहीच झाले नाही. मुली खिडकीतून बाहेर पाहत बसल्या. लंकाबाई म्हणाली, "आज सांगा की." तर एकजण म्हणाली, "आज समदा बघितला. त्यात दुष्ट राणी मरती." लंकाबाई म्हणाली, "बरं." आणि पाटीला टेकून डुलकी काढू लागली. दुसऱ्या शनिवारीही तसेच. निकिता मॅडम हे सांगताना हसत होत्या, पण वहीचा कोपरा बोटाने सारखा दुमडत होत्या.

तिसऱ्या शनिवारी परीक्षक आले. दोघे, एक स्थूल आणि शांत, दुसरे चष्मेवाले आणि चौकस. ठरले असे, की आधी सभागृहात बसायचे, नंतर एसटीने मुलींबरोबर जायचे आणि मग निर्णय. चष्मेवाले रंगनाथ सरांच्या शेजारीच, पण पडद्याकडे तोंड करून बसले.

त्या दिवशीच्या चित्रपटात समुद्राच्या तळाशी नगरी होती, असे आवाजावरून वाटत होते. मुलगे नेहमीसारखे गुडघ्यांवर आले होते. समर्थचा हात सुटला होता, तो दोन्ही हातांनी पोहत होता. साडेनऊच्या सुमारास नगारे वाढले, पाणी उसळल्याचा आवाज आला, आणि पडद्याचा निळा उजेड मागच्या रांगांपर्यंत पोचला. तेव्हा सरांनी ते पाहिले.

पंकजाने डोके गुडघ्यांत घातले होते. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही कानांत अंगठे. तिच्या शेजारच्या मुलीने तिच्याकडे पाहिले, मग पडद्याकडे, मग तिनेही डोळे मिटले आणि कानांत बोटे घातली. मग तिच्या पलीकडची. सरांनी मोजले. सहा. मिटल्या डोळ्यांनी त्या बसल्या होत्या आणि पंकजाचे ओठ हलत होते. सगळे सभागृह शेवट पाहत होते आणि त्या सहा जणी तो स्वतःपाशी येऊ देत नव्हत्या. भिंतीजवळ उभ्या असलेल्या निकिता मॅडमना हे दिसणे शक्य नव्हते. त्या बाजूने नुसत्या वेण्या दिसत. कोणालाच दिसणे शक्य नव्हते. पडद्याकडे पाठ करून बसणारा माणूस शाळेत एकच होता.

बारा वर्षांत असे काही त्यांच्या वहीत आले नव्हते. असा एक प्रसंग मिळावा म्हणून तर ते त्या खुर्चीत बसत आले होते. पेन त्यांच्या बोटांत होते, विजेरी लागलेली होती. त्यांनी लिहिले: 'नऊ बत्तीस. सहा मुलींनी डोळे मिटले, कान झाकले.' आणि पेन तिथेच टेकून राहिले.

परीक्षक मुलींबरोबर एसटीने गेले आणि तासाभराने कल्याण सरांच्या स्कॉर्पिओने परतले. निकिता मॅडम त्यांच्यामागून उतरल्या. दोन अनोळखी शर्टइन केलेले पुरुष बसल्यावर मुली कशाला तोंड उघडतात? लंकाबाईनेसुद्धा पदर पुढे ओढून घेतला होता.

"छान कल्पना आहे, मॅडम," चष्मेवाले कार्यालयात म्हणाले. "पण आम्हाला काही ऐकायला मिळालं नाही. तुमच्या नोंदी खऱ्या असतील, नाही म्हणत नाही. पण शेवट पाहायला मिळाल्यावर सांगणं बंद झालं, म्हणजे ती सवय टिकाऊ नव्हती, नाही का?"

"एखादी तरी सांगत असेल, सर," निकिता मॅडम म्हणाल्या. "पंकजा नावाची मुलगी आहे. तिला विचारा, पण एकटीला नको, गाडीत."

चष्मेवाले रंगनाथ सरांकडे वळले. "तुम्ही तर मुलींकडेच तोंड करून बसता. आज शेवटी काय दिसलं तुम्हाला? मी एकदा मागे वळलो तेव्हा कोणी डोळे मिटल्यासारखं वाटलं, पण अंधारात नीट दिसलं नाही."

कल्याण सर पाहत होते. निकिता मॅडमही पाहत होत्या, आणि त्यांच्या नजरेत संशय नव्हता, तर मदतीची अपेक्षा होती. सरांनी वही उघडून परीक्षकांपुढे सरकवली. शेवटची नोंद पूर्ण होती. 'नऊ बत्तीस. सहा मुलींनी डोळे मिटले, कान झाकले. कारण: कंटाळा.'

"अच्छा," चष्मेवाले म्हणाले. "म्हणजे तुमच्या निष्कर्षाला धरूनच."

"बारा वर्षांची नोंद आहे," रंगनाथ सर म्हणाले.

फेब्रुवारीत त्यांनी नगरला निबंध वाचला. सफारी अंगाला बेतशीर बसला होता. टाळ्या बुचांच्या नकाशाइतक्या नव्हत्या, पण होत्या. शाल मिळाली, नारळ मिळाला, पत्र मिळाले. निकिता मॅडमनी दुसऱ्या दिवशी शिक्षक कक्षात पेढे वाटले, स्वतःच्या पैशांनी.

त्यानंतरच्या शनिवारी सर सव्वाअकराला मोटारसायकल काढून फाट्यावर आले. एसटी उभी होती. मागच्या मोठ्या काचेतून त्यांना पंकजाची पाठमोरी वेणी दिसली, आणि तिचा एक हात वर, हवेत काहीतरी मोठे दाखवणारा. लंकाबाई पुढे वाकली होती. निकिता मॅडमची मान त्या हाताकडे वळलेली होती. कंडक्टर तिकिटांचे यंत्र छातीशी धरून उभा राहून ऐकत होता. मग गाडीने धूर सोडला आणि ती निघाली.

काष्टीचा रस्ता डावीकडे होता, घर तिकडे होते. सरांनी गाडी उजवीकडे घातली. ते एसटीच्या मागे राहिले, फार जवळ नाही, फार लांबही नाही. उसाच्या दोन भिंतींमधून धूळ त्यांच्या तोंडावर येत होती. काचेपलीकडे तोंडे हलत होती, मध्येच सगळी एकदम हसली, मध्येच एकीने हात झटकून काहीतरी मोडले आणि दुसरीने परत जोडले. पहिला थांबा आला, दुसरा आला. एकही शब्द ऐकू येत नव्हता. लंकाबाई चौथ्या थांब्यावर उतरली, पाटी डोक्यावर घेतली आणि रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या सरांकडे तिने जरा पाहिले.

"कोनाला सोडाय आलाव व्हय, गुरुजी?" ती म्हणाली.

"नाही," सर म्हणाले. "तिनं आज काय सांगितलं?"

लंकाबाईने त्यांच्या सफारीकडे, खिशातल्या पेनाकडे आणि टाकीवर ठेवलेल्या वहीकडे पाहिले.

"मला काय आठवतंय," ती म्हणाली, आणि वस्तीच्या वाटेला लागली.